चार्लस डिकन्स : पुस्तकांत आणि पडद्यावर

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेच्या सभागृहांत एक जुना इंग्रजी बोलपट दाखविण्यांत आला. बोलपट १९४६ सालचा, काळापांढरा, डेव्हिड लीन या दिग्दर्शकाचा. आणि कथा चार्लस डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीची. दिवे लागल्यावर मुलांमध्यें जो वाद माजला तो आम्हांस बोलपटाइतकाच पाहण्यासारखा वाटला. ज्यांनीं मूळ पुस्तक, निदान त्याची संक्षिप्त आवृत्ति, वाचली होती ते हिरमुसले होते. लोहाराच्या भट्टीवरचा तो दुष्ट गडी ऑर्लिक गेला कोठें, असा त्यांचा सवाल होता. ज्यांनीं पुस्तक पाहिलेंहि नव्हतें ते मात्र भारावून गेले होते, आणि पहिल्या पक्षाची तक्रार त्यांना कळतच नव्हती. एका पालकांनीं तर जातां जातां आम्हांस असें विचारलें कीं, जें दोन तासांत उरकतें त्यासाठीं मुलांनीं महिनाभर डोळे कां शिणवावे?

प्रश्न थट्टेचा होता, पण तो आमच्या मनांतून जाईना. त्याचें उत्तर शोधावयाचें तर ज्या गृहस्थांनीं तें पुस्तक लिहिलें त्यांच्याच आयुष्याकडे पाहावें, असें आम्हांस वाटलें. खरें पाहतां सिनेमा डिकन्स यांनीं पाहिलाच नाहीं. ते १८७० सालीं वारले, आणि लुमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें पॅरिसच्या लोकांनीं तिकीट काढून पाहिलीं तीं १८९५ सालीं. परंतु कादंबरी कापून, जोडून, रंगवून चार माणसांपुढें मांडली म्हणजे तिचें काय होतें, हा प्रश्न त्यांच्या पाठीस जन्मभर लागला होता. प्रथम दुसर्‍यांनीं ती कापली म्हणून, आणि मग ते स्वतःच ती कापूं लागले म्हणून.

चार्लसचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनार्‍यावरील पोर्ट्समथ येथें झाला. वडील जॉन डिकन्स हे आरमाराच्या पगार-कचेरींत कारकून होते. माणूस हौशी, बोलका, मुलांवर जीव टाकणारा. पण हातांत पैसा टिकत नसे. आठ भावंडांत चार्लस दुसरा. चॅटम या बंदराच्या गांवीं त्याचीं पांच वर्षें सुखांत गेलीं. घरांतील वरच्या एका खोलींत वडिलांचीं कांहीं पुस्तकें पडलेलीं असत. रॉबिन्सन क्रूसो, डॉन क्विक्झोट, अरबी भाषेंतील सुरस गोष्टी यांच्या संगतींत तो किडकिडा मुलगा तासन् तास रमे. फिरावयास गेलें असतां गॅड्स हिल या टेकाडावरील एक घर त्याला फार आवडे, आणि खूप कष्ट केलेस तर एक दिवस तूं येथें राहशील, असें वडील त्याला सांगत.

१८२२ सालीं कुटुंब लंडनला आलें आणि दैन्याचे दिवस सुरू झाले. घरांतील चीजवस्तु एकामागून एक गहाण पडली, पुस्तकेंहि गेलीं, चार्लसची शाळा सुटली. १८२४ च्या फेब्रुवारींत, बारावा वाढदिवस झाला न झाला तोंच, एका नातलगाच्या ओळखीनें त्याला थेम्स नदीच्या कांठच्या एका पडक्या, उंदरांनीं भरलेल्या इमारतींत कामास लावण्यांत आलें. तेथें बुटांना लावावयाची काळी शाई तयार होई. शाईच्या बरण्यांवर प्रथम तेलकट कागद, त्यावर निळा कागद बसवावयाचा, दोरीनें बांधावयाचा, कडा कातरावयाच्या, आणि शेवटीं छापील चिठ्ठी डकवावयाची. असें दिवसाचे दहा तास, आणि आठवड्याची मजुरी सहा शिलिंग. थोड्याच दिवसांत वडिलांना चाळीस पौंडांच्या देण्यापायीं अटक झाली आणि मार्शलसी नांवाच्या कर्जदारांच्या तुरुंगांत त्यांची रवानगी झाली. पुढें आईहि धाकट्या मुलांना घेऊन तेथेंच राहावयास गेली. चार्लस एकटा परक्याच्या घरीं राही. मजुरी आठवडाभर पुरावी म्हणून तो तिच्या सहा पुड्या बांधी आणि प्रत्येकीवर एकेका वाराचें नांव लिही. रविवारीं तुरुंगांत जाऊन आईबापांना भेटे.

कांहीं महिन्यांनीं बाप सुटला, पण मुलगा सुटला नाहीं. कारखाना दुसर्‍या जागीं गेल्यावर उजेडासाठीं कामकरी मुलांना खिडकीशीं बसवीत, आणि रस्त्यावरचे लोक उभे राहून त्यांच्या हातांची चपळाई पाहत. एके दिवशीं वडीलहि आंत आले. आपल्याला असें बसलेलें त्यांना पाहवलें तरी कसें, याचें त्या मुलाला नवल वाटलें. शेवटीं वडिलांचें त्या नातलगाशीं भांडण झालें आणि त्यांनीं मुलाला काढून घेतलें. आईचा आग्रह असा कीं, भांडण मिटवून त्याला पुन्हां कामावर धाडावें. वडिलांनीं तें मानलें नाहीं आणि चार्लस शाळेंत गेला. पण आईचा तो आग्रह तो कधीं विसरला नाहीं.

ही हकीकत डिकन्स यांनीं आपले मित्र जॉन फॉर्स्टर यांच्या कानीं घातली, तीहि पुष्कळ वर्षांनंतर. स्वतःच्या मुलांना त्यांनीं ती सांगितली नाहीं. डिकन्स यांच्या मृत्यूनंतर फॉर्स्टर यांनीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां ती मुलांना आणि जगाला एकदमच कळली. आम्ही या प्रसंगापाशीं इतके रेंगाळलों तें उगाच नव्हे. डिकन्स यांच्या पुस्तकांत एक लहान मूल वारंवार येतें. तें मोठ्यांच्या कमरेएवढ्या उंचीवरून जगाकडे पाहतें; तें भुकेलेलें असतें, घाबरलेलें असतें, आणि मोठ्यांच्या सोंगांना मनांतल्या मनांत हसतहि असतें. तें त्या खिडकींत बसलेलें मूल आहे. पुढें ज्यांनीं ज्यांनीं त्यांच्या कादंबर्‍यांवर चित्रपट काढले त्यांच्या यशापयशाची किल्ली याच मुलाच्या हातीं होती, असें आमचें मत आहे.

वकिलाच्या कचेरींतील कारकुनी, लघुलेखनाचा खडतर अभ्यास, पार्लमेंटांतील भाषणांचे वृत्तान्त लिहिण्याचें काम, हें सर्व आम्ही एका वाक्यांत सोडून देतों. १८३६ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यांचें 'पिकविक पेपर्स' अंकशः निघूं लागलें. दर महिन्यास हिरव्या वेष्टनाचा एक अंक, किंमत एक शिलिंग, आंत दोन चित्रें. पहिल्या अंकांना फारसें कोणी विचारीत नव्हतें. शेवटीं शेवटीं ४०,००० प्रती खपूं लागल्या. एवढें मोठें पुस्तक एकदम विकत घेणें ज्यांना शक्य नव्हतें ते लोक महिन्यास एक शिलिंग काढीत, आणि वाचतां न येणारे दुसर्‍याकडून वाचवून घेत. त्या चित्रांचें महत्त्व विसरतां कामा नये. फिझ या टोपण नांवानें चित्रें काढणारे हॅब्लो ब्राऊन आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट' चे चित्रकार जॉर्ज क्रुकशँक यांनीं पात्रांना जे चेहरे दिले तेच वाचकांच्या मनांत ठसले. म्हणजे डिकन्स यांची कादंबरी पहिल्या दिवसापासूनच अर्धी वाचावयाची आणि अर्धी पाहावयाची होती.

त्याच वर्षीं त्यांचा कॅथरिन होगार्थ हिच्याशीं विवाह झाला. त्यांना दहा मुलें झालीं. त्यांतील वॉल्टर हा सोळाव्या वर्षीं हिंदुस्थानांत लष्करांत आला आणि १८६३ च्या अखेरच्या दिवशीं कलकत्त्यास वारला. तो अवघा बावीस वर्षांचा होता.

नाटकवाले डिकन्स यांच्या मागें लागले ते अगदीं आरंभापासून. त्या काळच्या इंग्रजी कायद्यांत कादंबरीकाराला त्यांच्यापासून कसलेंच संरक्षण नव्हतें. कोणीहि उठावें, अंक विकत घ्यावा, आणि पंधरा दिवसांत त्याचें नाटक उभें करावें. कथा पुरी झालेली नसली तरी यांचें अडत नसे. शेवट ते आपल्या पदरचा जोडीत. १८३८ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या सरे थिएटरांत 'ऑलिव्हर ट्विस्ट' चा असाच एक प्रयोग चालला होता. मासिकांतील हप्ते तेव्हां संपावयाचे होते. डिकन्स फॉर्स्टर यांच्यासह तो पाहावयास गेले. पहिल्याच प्रवेशांत त्यांना आपल्या पुस्तकाची ती दशा सहन होईना. ते आपल्या कक्षांत एका कोपर्‍यांत जमिनीवर आडवे झाले आणि पडदा पडेपर्यंत उठले नाहींत. आपल्या आवडीच्या पुस्तकावरील वाईट चित्रपट पाहतांना आमच्या मुलांची जी अवस्था होते ती खुद्द लेखकाचीहि झाली होती, हें वाचून आम्हांस थोडें समाधान वाटलें! पुढच्या 'निकोलस निकल्बी' या कादंबरींत त्यांनीं अशा नाटककारांची चांगलीच खरड काढली आहे. आणि मौज अशी कीं, ती कादंबरी संपण्यापूर्वीं तिचेंहि नाटक झालें.

१८४३ च्या नाताळांत 'ए ख्रिस्मस कॅरल' हें छोटें पुस्तक निघालें, तेव्हांहि तोच अनुभव आला. पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या, आणि दोन महिन्यांच्या आंत लंडनच्या अनेक रंगभूमींवर स्क्रूज अवतरला. एका स्वस्त साप्ताहिकानें तर कथाच उचलून आपल्या शब्दांत छापली. डिकन्स यांनीं फिर्याद केली आणि ती जिंकली. पण प्रतिवादींनीं दिवाळें काढल्यामुळें सुमारें ७०० पौंडांचा खर्च जिंकणार्‍याच्याच अंगावर पडला.

असा पोळलेला लेखक पुढें काय करतो तें पाहण्यासारखें आहे. १८५३ च्या नाताळांत बर्मिंगहॅम येथें एका सत्कार्याच्या मदतीसाठीं त्यांनीं 'कॅरल' मोठ्यानें वाचून दाखविलें. वाचन सुमारें तीन तास चाललें. १८५८ पासून त्यांनीं अशीं जाहीर वाचनें तिकीट लावून सुरू केलीं. एक मेज, एक दिवा, एक माणूस. पोशाख नाहीं, देखावा नाहीं. आणि तरी श्रोत्यांपुढें वीस-पंचवीस माणसें उभीं राहत. या वाचनांसाठीं त्यांनीं आपल्याच पुस्तकाची जी गत केली ती नाटकवाल्यांनींहि केली नसेल. छापील प्रतीचीं पानें सुटीं करून तीं मोठ्या कागदांवर चिकटवावयाचीं, आणि मग परिच्छेदच्या परिच्छेद खोडावयाचे. गांवाचें वर्णन गेलें, हवेचें वर्णन गेलें, समाजावरील टीकेचे भाग गेले. समासांत आवाज कोठें उतरवावा, कोठें चढवावा, याच्या खुणा आल्या. तीन तासांचें वाचन कमी होत होत सुमारें दीड तासावर आलें. 'डेव्हिड कॉपरफील्ड' या आठ-नऊशें पानांच्या कादंबरीचें वाचन त्यांनीं सहा प्रकरणांत बसविलें, आणि तें जुळवितांना त्यांना अतिशय त्रास पडला.

तेव्हां कापणें हें पाप नव्हे. लेखकानेंच तें केलें आहे. मग सरे थिएटरांत ते जमिनीवर आडवे झाले तें कां? आम्हांस असें दिसतें कीं, वर्णनें गाळतांना डिकन्स यांनीं त्यांतील जीव आपल्या आवाजांत आणि चेहर्‍यांत भरून ठेवला होता. काय टाकलें तर त्याच्या जागीं काय ठेवावें लागेल हें त्यांना ठाऊक होतें. नाटकवाल्यांनीं प्रसंग तेवढे उचलले. गाळलेल्या जागा तशाच मोकळ्या राहिल्या.

या वाचनांनीं त्यांना पैसा अपार दिला. १८६७-६८ च्या अमेरिकेच्या दौर्‍यांत सुमारें १९,००० पौंड मिळाले. पण त्यांनींच त्यांचा देह झिजविला. 'ऑलिव्हर ट्विस्ट' मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग ते असा वाचीत कीं, श्रोते पांढरेफटक पडत आणि वाचणार्‍याची नाडी भलतीच जलद होई. डॉक्टर बाजूला उभे राहून ती मोजीत. १८६९ च्या एप्रिलांत दौरा अर्ध्यावर थांबवावा लागला; तरी पुढच्या वर्षीं निरोपाचीं वाचनें झालींच.

आमच्या बोलपटाची कादंबरी त्यांनीं लिहिली ती या दगदगीच्या काळांत. १८५६ सालीं लहानपणीं पाहिलेलें गॅड्स हिलचें तें घर त्यांनीं खरोखरच विकत घेतलें. १८५८ सालीं ते पत्नीपासून विभक्त झाले. त्या प्रकरणांत त्यांचें वर्तन उदार होतें असें त्यांच्या चाहत्यांनाहि म्हणतां येणार नाहीं. १८६० सालीं त्यांच्या 'ऑल दि इयर राउंड' या साप्ताहिकांत दुसर्‍या एका लेखकाची कथा चालू होती, ती वाचकांना रुचेना आणि खप घसरूं लागला. तेव्हां डिकन्स यांनीं स्वतः लेखणी उचलली. १ डिसेंबर १८६० पासून १८६१ च्या ऑगस्टपर्यंत 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' दर आठवड्यास येत राहिली.

कथा अनेकांना ठाऊक असेल. पिप हा अनाथ मुलगा, बहिणीच्या नवर्‍याच्या, म्हणजे जो लोहाराच्या, घरीं वाढतो. स्मशानांत त्याला एक पळालेला कैदी भेटतो आणि तो घाबरून त्याला खावयास आणून देतो. पुढें श्रीमंत आणि विक्षिप्त मिस हॅव्हिशम हिच्या घरीं सुंदर व गर्विष्ठ एस्टेला त्याला त्याच्या राठ हातांची लाज वाटावयास लावते. मग अज्ञात हितकर्त्याच्या पैशानें तो लंडनला जाऊन सभ्य गृहस्थ होतो आणि जोला विसरतो. हितकर्ता तो कैदीच होता, हें त्याला फार उशिरां कळतें. ही सगळी हकीकत पिप स्वतः, प्रौढ वयांत, सांगतो. आणि सांगतांना आपल्या वागण्याबद्दल स्वतःला क्षमा करीत नाहीं. शाईच्या कारखान्याची लाज पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोंचलेल्या माणसानें येथें उलट बाजूनें पाहिली आहे: आपली लाज वाटून घेणारा आपणच, आणि ती वाटून घेतल्याची लाजहि आपलीच.

शेवटासंबंधीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. डिकन्स यांनीं प्रथम लिहिलेल्या शेवटांत पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यावर क्षणभर भेटतात आणि कायमचीं दूर होतात. त्यांचे मित्र, कादंबरीकार बुल्वर-लिटन, यांनीं प्रुफें वाचून तो बदलण्याचा सल्ला दिला. तो मानून डिकन्स यांनीं त्या दोघांची भेट उजाड झालेल्या जुन्या बागेंत, संध्याकाळच्या धुक्यांत घडविली. मूळ शेवट फॉर्स्टर यांनीं चरित्रांत छापला म्हणून आज वाचावयास मिळतो. आम्हांस तोच अधिक खरा वाटतो. या कादंबरीचीहि वाचनासाठीं संक्षिप्त प्रत डिकन्स यांनीं तयार केली आणि छापूनहि घेतली. पण ती त्यांनीं श्रोत्यांपुढें कधींच वाचली नाहीं.

९ जून १८६५ रोजीं स्टेपलहर्स्ट येथें ते ज्या आगगाडींत होते तिला अपघात झाला. त्यांचा डबा पुलावर लोंबकळत राहिला. जखमींना पाणी आणि धीर देऊन झाल्यावर त्यांना आपल्या नव्या कादंबरीचें हस्तलिखित आंत राहिल्याची आठवण झाली, आणि ते पुन्हां डब्यांत शिरून तें घेऊन आले. बरोबर पांच वर्षांनीं, ९ जून १८७० रोजीं, गॅड्स हिल येथें ते वारले. वय ५८, शेवटची कादंबरी अर्धी राहिलेली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्यें कवींच्या कोपर्‍यांत त्यांना पुरलें.

सिनेमा जन्मला तेव्हां त्याला कथा हव्या होत्या, आणि डिकन्स यांच्या कथा सर्वांच्या तोंडीं होत्या. १९०१ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट पॉल यांनीं स्क्रूजवर कांहीं मिनिटांचा मूकपट काढला. पण याहून मोठें ऋण निराळें आहे. अमेरिकेंतील ग्रिफिथ यांनीं एका ठिकाणचा प्रसंग अर्ध्यावर सोडून दुसर्‍या ठिकाणचा दाखविण्याची रीत पाडली तेव्हां मालकांनीं कुरकुर केली, आणि ग्रिफिथ यांनीं आपल्या बाजूनें डिकन्स यांचाच दाखला दिला. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनीं १९४४ सालीं यावर एक मोठा निबंध लिहिला. म्हणजे सिनेमानें डिकन्स यांच्यापासून गोष्टीच नव्हे, तर गोष्ट सांगण्याची युक्तीहि घेतली.

असें असूनहि चित्रपट फसतात. १९३५ सालीं हॉलिवुडमध्यें जॉर्ज क्यूकर यांनीं 'डेव्हिड कॉपरफील्ड' काढला. खर्चांत कसूर नाहीं, नटांची निवड उत्तम. मिकॉबरच्या भूमिकेंत डब्ल्यू. सी. फील्ड्स तर पुस्तकांतून उठून आल्यासारखे वाटतात. डेव्हिड लहान आहे तोंवर प्रेक्षक गुंगून जातो. तो मोठा होतो आणि सगळें ढिलें पडतें. प्रसंग येतात, जातात. पण त्यांच्याकडे पाहणारें मूल आतां तेथें नसतें.

लीन यांनीं हें ओळखलें होतें असें दिसतें. अ‍ॅलेक गिनेस यांनीं १९३९ सालीं या कादंबरीचें नाटक केलें होतें, तें पाहून बोलपटाची कल्पना त्यांच्या मनांत आली. आरंभींचें स्मशान आठवा. सोसाट्याचा वारा, करकरणारीं झाडें, माणसाच्या चेहर्‍यासारखा दिसणारा बुंधा. आणि मागचें देऊळ मुद्दाम लहान आकाराचें बांधलेलें, म्हणजे सगळी जागा मुलाच्या भीतीच्या मापाची दिसावी. पिप पळूं लागतो, कॅमेरा त्याच्याबरोबर सरकतो, आणि तो थेट कैद्याच्या अंगावर आदळतो. आमच्या सभागृहांतील पुढच्या चार रांगा एकदम किंचाळल्या. पुस्तकांत कैदी थडग्यांमधून उठून ओरडतो; येथें तसें नाहीं. कृति बदलली, पण धक्का तोच, आणि तो त्याच उंचीवरून बसतो. ऑर्लिक गेला याचें दुःख आम्हांस फारसें नाहीं. डिकन्स यांनींहि वाचनांत याहून मोठे बळी दिले आहेत. या बोलपटाच्या छायालेखनाला आणि कलादिग्दर्शनाला अमेरिकेचीं ऑस्कर पारितोषिकें मिळालीं तीं रास्तच होतीं.

तरीहि मोठा पिप पडद्यावर येतो तेव्हां कांहींतरी निसटतें. जॉन मिल्स हे नट चांगले, पण विशीच्या पिपचें काम करतांना त्यांनीं पस्तिशी ओलांडली होती. तेवढ्यानें बिघडलें नसतें. खरी अडचण अशी कीं, कॅमेर्‍याला चेहरा दिसतो, पश्चात्ताप दिसत नाहीं. जो लंडनला पिपला भेटावयास येतो, नव्या कपड्यांत अवघडतो, टोपी कोठें ठेवावी हें त्याला सुचत नाहीं, आणि पिपला त्याची लाज वाटते. पुस्तकांत हा प्रसंग वाचतांना हसूं येतें आणि पुढच्याच क्षणीं गळा दाटतो, कारण सांगणारा पिप त्या वेळच्या पिपला सोडीत नाहीं. बोलपटांत या ठिकाणीं लीन यांना चित्र अपुरें वाटलें असावें. तेथें त्यांनीं पिपचा आवाज पडद्यामागून आणला आहे आणि त्याच्याच तोंडून कबुली वदविली आहे. सबंध बोलपटांत आम्हांस सर्वांत अधिक भिडलेली जागा ती, आणि ती पुस्तकाकडून उसनी घेतलेली आहे. शेवट मात्र लीन यांनीं आपल्या पदरचा केला: मिस हॅव्हिशमच्या अंधार्‍या खोलींत एस्टेला बसलेली, आणि पिप जुने पडदे ओढून फाडून ऊन आंत घेतो. दृश्य म्हणून तें भव्य आहे. पण १८३८ चे नाटकवाले आम्हांस येथें थोडेसे आठवले.

दोन वर्षांनीं लीन यांनीं 'ऑलिव्हर ट्विस्ट' काढला. त्यांतील आरंभ, वादळांत वाट तुडवीत येणारी ती आसन्नप्रसव माता, एक शब्दहि न बोलतां सांगितलेला, आम्ही अजून विसरलों नाहीं. परंतु गिनेस यांनीं चोरांचा म्होरक्या फेगिन याचें रूप क्रुकशँकच्या चित्रांवरून जसेंच्या तसें घेतलें, तें मोठें नाक लावून. युरोपांत लक्षावधि यहुदी लोकांची हत्या होऊन तीन वर्षेंच लोटलीं होतीं. १८४९ नव्हे, हें १९४९ साल होतें; बर्लिनमध्यें चित्रपटगृहासमोर दंगा झाला, आणि अमेरिकेंत तो १९५१ सालींच, तोहि काटछांट करून, दाखवितां आला. येथें डिकन्स यांचें चरित्र वाचलें असतें तर बरें झालें असतें. एलायझा डेव्हिस या यहुदी बाईंनीं १८६३ सालीं त्यांना पत्र लिहून फेगिनविषयीं खेद कळविला होता. डिकन्स प्रथम रागावले. पण १८६७ च्या आवृत्तींत त्यांनीं फेगिनच्या जातीचे उल्लेख पुष्कळ ठिकाणीं खोडले आणि नव्या कादंबरींत एक सज्जन यहुदी पात्र घातलें. लेखकानें स्वतः सुधारलेली चूक त्याच्यावरील निष्ठेपोटीं पडद्यावर परत आली.

त्यानंतरचे प्रयत्न पुष्कळ आहेत. १९९८ सालीं अमेरिकनांनीं पिपला फ्लॉरिडांत नेऊन चित्रकार केलें; २०१६ सालीं 'फितूर' या हिंदी चित्रपटानें कथा काश्मिरांत नेली. बर्फ आणि चिनारचीं पानें मन मोहून टाकतात. पण जो लोहार जवळ जवळ उरला नाहीं, आणि तो नसला म्हणजे पिपला लाज वाटावी कोणाची? याउलट २००५ सालीं बी.बी.सी.नें 'ब्लीक हाउस' आठवड्यांतून दोनदां, हप्त्याहप्त्यानें दाखविलें, तेव्हां जुन्या हिरव्या अंकांसारखी लोकांनीं पुढच्या भागाची वाट पाहिली.

त्या थट्टेखोर पालकांना आम्हीं हें सर्व सांगितलें नाहीं. ते तेव्हां घाईंत होते. पण सुटी संपल्यावर त्यांच्याच मुलानें, जो भारावलेल्यांपैकीं होता, आमच्या ग्रंथसंग्रहांतून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' नेली. पांच आठवडे ती त्याच्याकडे होती. परत आणली तेव्हां तो चिडलेला दिसला. पडदे फाडण्याचा प्रसंग कोणत्या पानावर आहे, असें त्यानें आम्हांस विचारलें. तो पुस्तकांत नाहीं असें सांगतांच त्यानें क्षणभर विचार केला, आणि मग जो टोपी सांवरतो तें पान उघडून, तें आपल्या आईला वाचून दाखवावयाचें आहे म्हणून, पुस्तक आणखी एक आठवडा ठेवून घेण्याची परवानगी मागितली.